मी बघितलो

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असंही नाही. तिची माझ्या सोयीची एक आवृत्ती मी जिल्हाभर पालकांच्या सभांत सांगत फिरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही बायकांनी पदरानं डोळे पुसले. खरी गोष्ट होती ती तशीच राहिली. आता मी ऐंशीच्या घरात आहे, जास्त बोललं की धाप लागते, म्हणून लिहून काढतो. लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो ना, तसं आत कुठेतरी झालं आहे. चिमटा काढला तरी कळत नाही.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या खिडकीतून रस्ता दिसतो. चैत्रात सकाळची शाळा सुटून गेली की तो पांढराफटक पडतो, आणि मग मधूनच जोतिबाच्या यात्रेला निघालेला एखादा ट्रक येतो. हलगी, ताशा, आडवी बांधलेली देवाची उंच सासनकाठी, केसांपासून नखांपर्यंत गुलाबी झालेली माणसं. गुलाल उडून खिडकीच्या गजांवर बसतो. पुसला तरी खाचेतला निघत नाही. बाकीचं वर्ष मी बरा असतो. या आठ-दहा दिवसांत मात्र खिडकी लावून घेतो. शेजारीण विचारते, "मास्तर, एवढ्या उकाड्यात कोंडून घेऊन बसलासा व्हय?" मी म्हणतो, "गुलाल येतोय." तिला ते पटतं.

मी पहिली-दुसरीचा मास्तर. सगळी नोकरी त्यातच गेली. आमच्या शाळेच्या आवारातच बालवाडी होती. मधल्या सुट्टीत मी ओट्यावर बसून पोरांची लपाछपी बघायचो. चार वर्षांचं मूल लपतं म्हणजे स्वतःचे डोळे मिटून घेतं. आपल्याला दिसत नाही म्हणजे कुणालाच दिसत नसणार. पाच वर्षांचं दाराआड लपतं, सापडतं, खिदळतं आणि पुढच्या डावाला परत त्याच दाराआड जातं, कारण मघाशी तिथं मजा आली होती. मग सहा-साडेसहाच्या सुमाराला कधीतरी एक दिवस उगवतो. राज्य असलेलं पोर एखादी जागा बघून पुढे जातं, आणि हे आपलं गुपचूप येऊन नेमकं त्या बघून सोडलेल्या जागेत बसतं. तिथं तो आता परत बघणार नाही, हे त्याला समजलेलं असतं. दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन, तिथून आपल्याकडे बघून ते परत आलेलं असतं. हे मी कुणाला शिकवलं नाही. याचा धडा नाही, पाढा नाही. ते होताना मात्र पुष्कळदा बघितलं, आणि बघितलं की दिवस चांगला जायचा.

रूपाली आमची उशिरानं झालेली एकुलती एक. चौथ्या वर्षापासून गल्लीतल्या पोरांत खेळायला जायची, पण कच्चा लिंबू म्हणून. लहान पोरांना मोठ्यांच्या डावात असंच घेतात. पळायचं, ओरडायचं, पण बाद व्हायचं नाही आणि राज्यही घ्यायचं नाही. बाकीची पोरं यावरून चिडतात, आईला बोलावून आणतात. रूपा चिडली नाही. बाद होण्याची भीती नाही म्हटल्यावर तिला बघायला भरपूर वेळ मिळायचा. जेवताना मला सांगायची, "आप्पा, तो विज्या हाय की, ओरडतोय एकीकडं आणि पळतोय दुसरीकडं. आणि दमला की म्हणतोय चप्पल तुटली." मी विचारलं, "मग तू सांगितलंस का कुणाला?" तर म्हणाली, "आत्ता कशाला? माझ्यावर राज्य आल्यावर बघतो की."

माझ्यावर राज्य आल्यावर बघतो. सहा वर्षांच्या पोरीचं हे बोलणं. मी हसलो होतो. आज वाटतं, तेव्हाच उठून कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं.

नव्वद साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. त्या वर्षी परीक्षा लवकर आटोपल्या आणि मी तिला नवकंकरी शिकवली. शहाबादी फरशीवर खडूनं एकात एक तीन चौकोन काढायचे, त्यांच्या बाजू मधोमध रेषांनी जोडायच्या. दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या. आधी एकेक मांडायची, मग रेषेवरून एकेक घर सरकवायची. आपल्या तीन एका ओळीत आल्या की समोरच्याची एक मारायची. माझ्याकडे चिंचोके असायचे, तिच्याकडे फुटलेल्या बांगड्यांचे हिरवे तुकडे.

पहिले आठ-दहा दिवस ती हरली. लहान मुलाचा हात मनात आल्याबरोबर सोंगटीवर जातो. मन आणि हात यांच्यात अंतरच नसतं. मग एका दुपारी तिचा हात सोंगटीच्या वर गेला आणि थांबला. हवेतच. तिनं माझ्या चिंचोक्यांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. बराच वेळ तशी बसली. मग दुसरीच सोंगटी हलवली. मी त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिलो. माणूस विचार करायला लागतो तो असा लागतो. बाहेरून दिसतं ते एवढंच.

यात्रेच्या आदल्या दिवशी माझे मेहुणे, मुरगूडचे दत्ता, बायकापोरांसकट आले. दरवर्षी ते आमच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर जायचे. दत्ताचा आवाज मोठा, थट्टेला धरबंध नाही, पण माणूस मनानं चांगला. जेवणं झाली, पानं लावून झाली आणि तो म्हणाला, "काय दाजी, मास्तरकी सोडून चिंचोकं खेळालाईसा म्हणं? मांडा की, बघूया तरी."

डाव मांडला. मी आणि रूपा. दत्ता, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि मागं भिंतीला टेकून शेजारचे दोघं-तिघं. माझी बायको सुमन स्वयंपाकघरात भांडी आवरत होती.

डावाच्या मध्यावर रूपानं आपला एक तुकडा माझ्या तोंडात दिला. सरळ दिसत होतं की मी ओळ पूर्ण करून तो मारणार.

"अगं एऽ, फुकट मारून घेतलीस की!" दत्ता ओरडला.

"असू दे की, मामा," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

मी तुकडा मारला. आणि मारल्यावर दोन चालींनी मला कळलं की त्यासाठी माझा चिंचोका ज्या घरातून हलला होता, तेच घर तिला हवं होतं. तिची एक सोंगटी आता अशी बसली होती की पुढे सरकली तर एक ओळ पूर्ण व्हायची आणि मागे आली तर दुसरी. म्हणजे दर चालीला माझा एक चिंचोका जाणार. त्यातून सुटका नसते. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला स्वतःला ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी समजलं होतं.

एक चिंचोका गेला. दुसरा गेला. दत्ता मांडीवर थाप मारून म्हणाला, "आवं दाजी, पैलीतल्या पोरीनं मास्तरला नापास केलं की वो! उद्या डोंगरावर सगळ्यास्नी सांगतो बघा." सगळे हसले. शेजारचेही हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक आला. हलगी वाजली, "चांगभलं"चा गजर झाला, आणि सगळे उठून खिडकीशी गेले. रूपानंही मान वळवली. त्या वेळात मी बोटाच्या टोकानं माझा एक चिंचोका एक घर पुढे सरकवला. तिची वाट अडेल असा. चाल माझी नव्हती.

कारण इतकं लहान आहे की लिहून झाल्यावर परत वाचलं तरी मोठं होत नाही. मेहुणा हसला, म्हणून. एवढंच.

लोक परत येऊन बसले. रूपानं डावाकडे बघितलं. तिचा हात सोंगटीवर गेला, थांबला, मागे गेला. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आप्पा, तुम्ही सरकवलासा. मी बघितलो."

आमच्याकडे पोरीबाळी असंच बोलतात. मी गेलो, मी खाल्लो, मी बघितलो. सगळं घर, सगळी पेठ असंच बोलते. मी मास्तर होतो, व्याकरण माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "बघितलो नव्हे बाळ. मी बघितलं, असं म्हणायचं."

खोलीत हसू फुटलं. दत्ता तर आडवाच पडला. "घ्या! मास्तरनं हितंबी शुद्धलेखन काढलं!"

त्या हसण्यात तिचं म्हणणं वाहून गेलं. पण ती थांबली नाही. परत म्हणाली, आणि मी सांगितलं तसं दुरुस्त करून म्हणाली, "मी बघितलं. तुम्ही सरकवलासा."

तेव्हा मी गंभीर झालो. वर्गात होतो तसा. म्हणालो, "हरायला लागलं की असं खोटं बोलायचं नसतं, रूपा. सोंगटी तिथंच होती. विचार सगळ्यांना."

सगळे खिडकीत होते. कुणी बघितलं नव्हतं. दत्ताची पोरं ओरडायला लागली, "रडी! रडी!" दत्तानंही री ओढली. पुढं कितीतरी वर्षं मुरगूडला तिला रडी म्हणूनच हाक मारायचे. प्रेमानंच मारायचे.

ती रडली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सभांतून सांगताना मी तिला रडवायचो. तिनं माझ्याकडे बघितलं. डावाकडे बघायची ना, अगदी तशी. मग "बरं" म्हणाली, आणि हिरवे तुकडे गोळा करून फ्रॉकच्या खिशात घातले.

"चल, परत मांडू," मी म्हणालो.

"नको. तुम्ही मामासंगं खेळा."

संध्याकाळी पाहुणे फिरायला गेल्यावर सुमन भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी खोटं बोलत न्हाई. तिला खोटं बोलायला अजून येतच न्हाई."

"खेळात होतं तसं," मी म्हणालो.

"खेळात काय हुतंय ते कळतंय मला. तुम्ही तिला चारचौघांत लबाड ठरवलासा. ते खेळातलं न्हवं." तव्यावरची भाकरी उलटून ती पुढं म्हणाली, "आज रातीला सांगून टाका. उद्यापतूर जड हुतंय मग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डोंगरावर गेलो. रूपा माझ्या खांद्यावर बसली होती, गुलाल-खोबरं उधळत होती. मला वाटलं, विसरली.

मुलं कशी वाढतात यावर मला बोलता येतं अशी कीर्ती पुढच्या काही वर्षांत झाली. शाळा पालकसभेला बोलवायच्या. विषय बहुतेक ठरलेला असायचा, मुलांना निर्णय घेऊ द्या. लपाछपीचं सांगायचो, कच्च्या लिंबाचं सांगायचो, थांबलेल्या हाताचं सांगायचो. ते सगळं खरं होतं. मग शेवटी एक हळवा प्रसंग लागतो. एकदा बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "माझी मुलगी लहानपणी एकदा रडीचा डाव खेळली. मी तिथंच थांबवून तिला हरायला शिकवलं." सभेत काही बायकांनी डोळे पुसले. तेव्हापासून प्रत्येक भाषणाचा शेवट तोच. सांगून सांगून त्याला तपशील फुटले. ती माझ्या गळ्यात पडून रडली, "आप्पा, परत असं करणार नाही" म्हणाली, असंही सांगायला लागलो. बोलत असताना मला ते दिसायचंसुद्धा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरगूडच्या एका शाळेत भाषण होतं. रूपा बारावीला होती, मामाकडे सुट्टीला गेली होती, म्हणून मामीबरोबर ऐकायला आली. मला ती दिसली ती नेमकी त्या प्रसंगापाशी आल्यावर. मागच्या रांगेत, खांबाजवळ. मी थांबू शकलो असतो. थांबलो नाही. सगळं सांगितलं, गळ्यात पडण्यासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. परत येताना एसटीत ती माझ्याशेजारी बसली होती. कागल गेल्यावर म्हणाली, "भाषण चांगलं झालं, आप्पा." मी "हं" म्हणालो. कोल्हापूर येईपर्यंत आम्ही दोघं उसाच्या शेतांकडे बघत होतो.

तोवर ती शुद्ध बोलायला लागली होती. बघितलं, खाल्लं, गेले. एक चूक नाही.

दहावीनंतर कुठल्या शाखेला जायचं हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल ते." मी फॉर्म भरला. पुढे डी.एड.ला घालायचं मी ठरवलं. लग्नासाठी दोन स्थळं आली. दोन्ही चांगली होती. मी तिला समोर बसवून म्हणालो, "आता तू सांग. मी सगळ्या जिल्ह्याला सांगतो की मुलांना ठरवू द्या, मग तुला का नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली. दोन्ही हात मांडीखाली दाबले होते. मग म्हणाली, "तुम्ही बघितलंय ना? मग झालं." मला त्या वेळी अभिमान वाटला. पोर शब्दाबाहेर नाही, असं चारजणांत सांगितलं.

एका चिंचोक्यानं तिचं आयुष्य बिघडलं, असं मी म्हणत नाही. जावई बरा आहे. इचलकरंजीला स्वतःचं घर आहे. ती शाळेत शिकवते, तिच्या वर्गातली पोरं तिच्यावर जीव टाकतात म्हणे. पण साडीच्या दुकानात ती अजून शेजारच्या अनोळखी बाईला विचारते, कुठली घेऊ? बरेच दिवस मला वाटायचं, तिची विचार करायची सवय मोडली. आता तसं वाटत नाही. सवय मोडली नव्हती. सहाव्या वर्षी समोरच्या माणसाच्या डोक्यात जाऊन यायला ती शिकलीच होती. त्या दुपारी ती माझ्या डोक्यात जाऊन आली आणि तिथं तिला दिसलं की या माणसासमोर बरोबर असून उपयोग नाही. मग तिनं त्याप्रमाणे चाल केली, आणि ती चाल आजपर्यंत बदललेली नाही. मी तिला नवकंकरी शिकवली. हेही मीच शिकवलं.

सुमन गेली त्याच्या आदल्या महिन्यात अंथरुणावरून म्हणाली, "त्या पोरीला सांगितलासा का?" कशाबद्दल ते मी विचारलं नाही. तिनंही फोड केली नाही. मी म्हणालो, "सांगतो." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

या चैत्रात रूपा तिच्या मुलीला घेऊन चार दिवस आली. ओवी सात वर्षांची आहे. दोघी कॅरम खेळत होत्या. ओवीनं सोंगटी बोटानं ढकलली असावी, कारण रूपा हसत म्हणाली, "ए, रडी नाही करायची हं. मी पण लहानपणी अशीच रडी खेळायचे. हरायला लागले की खोटं बोलायचे. आजोबांनी माझी सवय मोडली. विचार आजोबांना."

ओवी माझ्याकडे बघायला लागली. "खरंच, आजोबा?"

मी रूपाच्या तोंडाकडे बघितलं. मला शोधायचं होतं की हे ती मला ऐकवते आहे की तिला खरंच तसं आठवतं आहे. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती सोंगट्या लावत होती. इतक्या सभांत मी सांगितलं, इतकी वर्षं मुरगूडला त्या नावानं हाका मारल्या. तिचं स्वतःचं आठवणं त्याखाली कधी गेलं असेल, सांगता येत नाही. तसं झालं असेल तर आता नुसती माफी मागून भागणार नाही. कशाची मागतो ते आधी तिला पटवावं लागेल. माझं सांगणं आजवर सगळ्यांना पटत आलं. हे पटेल का, मला माहीत नाही.

"खेळा तुम्ही," मी म्हणालो आणि आत जाऊन पडलो.

काल त्या निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेलो. ओवी खिडकीशी बसली, पलीकडे रूपा. मी खाली उभा होतो. रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य तयार होतं. सहासात शब्दांचं आहे, धाप लागण्याइतकं मोठं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी घरघरायला लागली, तेव्हा मी खिडकीच्या दांडीला धरून म्हणालो, "रूपा, त्या दिवशी खोटं मी बोललो होतो."

इंजिनाच्या आवाजात तिला ते पोचलं नाही. तिनं ओवीच्या डोक्यावरून वाकून मान बाहेर काढली. "काय म्हणालात, आप्पा?"

गाडी अजून जागेवरच होती. परत म्हणायला वेळ होता.

"काय न्हाई," मी म्हणालो. "डोकं आत घे."